पूर आल्यावर धावणारं सरकार पूर येण्याआधी कुठे असतं?

निमित्तमात्र

जगात कुठेही पूर आला की बातम्यांचा क्रम आता पाठ झाला आहे. आधी छपरांवर अडकलेली माणसं, मग हेलिकॉप्टरमधून पाहणी, मग 'अभूतपूर्व पाऊस', मग मदतीचा आकडा, मग चौकशी समिती. अलीकडे 'अभूतपूर्व'च्या जोडीला 'हवामान बदल' येऊन बसला आहे.

हवामान बदल थोतांड आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, यात वादाला जागा नाही. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान अभ्यास समितीच्या, २०२१च्या अहवालात हिशेब आहे: पूर्वी सरासरी दहा वर्षांतून एकदा पडणारा अतिजोरदार पाऊस एका अंशाच्या तापमानवाढीत तितक्याच काळात १.३ वेळा पडतो, दोन अंशांवर १.७ वेळा पडेल. म्हणजे काय येणार ते छापून ठेवलेलं आहे. मग ते आलं की 'अचानक' कसं?

२९ ऑक्टोबर २०२४ला व्हॅलेन्सियाच्या पुराचंच बघा. स्पेनच्या हवामान खात्याने सकाळीच लाल इशारा दिला होता. लोकांच्या मोबाइलवर सरकारी संदेश वाजला तो रात्री आठ वाजून गेल्यावर. तोवर रस्त्यांवरून गाड्या वाहत होत्या. सव्वादोनशेच्या वर माणसं गेली.

पूर येण्याआधी काम करून ठेवणारी सरकारं कुठे आहेत का? असतील तर त्यांनी ते कशामुळे केलं? पक्षांची धुणी इथे नकोत, ही विनंती.

खडूस

'धुणी नकोत' असं लिहिलेल्या धाग्यांवरच घाट बांधला जातो. बसलोय.

सांडवा

आयुष्य धरणांवर गेलं, आता निवृत्त आहे. म्हणून थोडी दुसरी बाजू.

पुराच्या काळात धरणाच्या दारांवर बसलेल्या माणसाची अवस्था लोकांना कळत नाही. त्याच धरणाने उन्हाळ्यासाठी भरलेलं राहायचं आणि पुरासाठी रिकामं राहायचं. अंदाजावर विश्वास ठेवून आधीच पाणी सोडलं आणि पाऊस हुकला, तर पुढे टंचाईत त्याच्या नावाने शिमगा. नाही सोडलं आणि पाऊस कोसळला, तर ऐन पुरात दारं उघडावी लागतात आणि 'धरणाने बुडवलं' हा मथळा तयार. पाऊस दोनशे मिलिमीटर पडेल की चारशे, हे दोन दिवस आधी छातीठोक सांगणारा मला आजवर भेटला नाही.

ऑस्ट्रेलियात २०११च्या जानेवारीत ब्रिस्बेन बुडालं. वरच्या विव्हनहो धरणाचं व्यवस्थापन चुकलं म्हणून हजारो लोक कोर्टात गेले. २०१९मध्ये न्यायालयाने अभियंत्यांना निष्काळजी ठरवलं. २०२१मध्ये अपील न्यायालयाने धरण चालवणाऱ्या मुख्य कंपनीच्या बाजूने निकाल फिरवला. सगळी कागदपत्रं समोर ठेवून, दहा वर्षं विचार करून न्यायाधीशांचं एकमत होईना. दारावरच्या माणसाकडे काही तास होते.

सरकारने आधी करायचं काम म्हणजे कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची हे ठरवून देणं, आणि ते पाळणाऱ्याच्या पाठीशी उभं राहणं. पहिलं कागदावर असतं. दुसरं मी पाहिलं नाही.

कागदोपत्री

सांडवासाहेब, दारांपुरतं मान्य. पण प्रत्येक वेळी निसर्गावर ढकलता येत नाही. १८ ऑगस्ट २००८ला कोसी नदीचा बांध नेपाळमध्ये कुसहाला फुटला आणि बिहारचे जिल्हेच्या जिल्हे पाण्यात गेले. बांध साडेनऊ लाख क्युसेकसाठी (सेकंदाला घनफूट) बांधलेला. फुटला तेव्हा नदीत पाणी होतं दीड लाखाच्याही आत. तिथे ना अतिवृष्टीची सबब चालते, ना हवामान बदलाची. देखभाल नव्हती, इतकंच.

दुसरं, बांधांनी पूर अडतो हे गृहीतकच तपासायला हवं. बिहारमध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम १६० किलोमीटर बांध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर. पुढे बांध साडेतीन हजार किलोमीटरच्या वर गेले आणि पूरप्रवण क्षेत्र जवळपास ६९ लाख हेक्टर झालं. नदीचा गाळ दोन बांधांच्या मध्ये साचतो, तळ वर येतो आणि बाहेर पडलेल्या पावसाला नदीत शिरायला वाट उरत नाही.

ढगाळ

वाचतेय. कागदोपत्री यांचा आयडी आज सार्थकी लागला.

लाटकर

नेदरलँड्समध्ये राहतो, त्यामुळे 'डच लोक बघा कसे' हे वाक्य कोणी टाकण्याआधी मीच येतो.

इथलीही गोष्ट आपत्तीनंतरचीच आहे. १ फेब्रुवारी १९५३च्या पहाटे समुद्राने बांध फोडले आणि १,८३६ माणसं मेली. बांध कमकुवत आहेत हे योहान फान वेन नावाचा सरकारी अभियंता कित्येक वर्षं सांगत होता. युद्धानंतर पैसा नव्हता, ऐकणारं कोणी नव्हतं. पूर आल्यावर काही आठवड्यांत आयोग नेमला गेला आणि पुढची चार दशकं समुद्र अडवण्याचा डेल्टा प्रकल्प चालला. तेव्हा 'आधी का नाही' या प्रश्नाचं डच उत्तरही 'आम्हीही आधी नाहीच केलं' असं आहे.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९९५. त्या वर्षी नद्या इतक्या फुगल्या की खबरदारी म्हणून अडीच लाख माणसं हलवली. बांध टिकले. दुसऱ्या एखाद्या देशात एवढ्यावर विषय मिटला असता. इथे त्यातून 'नदीला जागा द्या' हा कार्यक्रम निघाला. बांध उंच करायचे सोडून तीसहून जास्त ठिकाणी नदीला पसरायला जागा करून दिली. नायमेखनला वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला, त्यात घरं गेली. ओव्हरडीप नावाच्या भागात शेतकऱ्यांनीच सुचवलं की जमीन पुराला मोकळी ठेवा, आम्हाला मातीचे उंच चौथरे करून द्या, त्यावर घरं-गोठे बांधतो. तसं झालं.

हे जमलं कारण पाण्याचा कारभार पाहणारी मंडळं इथे तेराव्या शतकापासून आहेत. त्यांची वेगळी निवडणूक होते, वेगळा कर असतो. दरवर्षी पाण्याच्या कराची वेगळी पावती हातात आली की तो पैसा कुठे गेला हे माणूस विचारतो.

खडूस

म्हणजे आणखी एक निवडणूक, आणखी एक अध्यक्ष, आणखी एक लाल दिवा. आवडलं.

तळमजला

माझा अनुभव इशाऱ्यांचा आहे. नावाप्रमाणेच तळमजल्यावर राहतो. मोबाइलवर 'अतिमुसळधार पावसाची शक्यता, सतर्क राहा' असे संदेश इतक्या वेळा येतात, आणि इतक्या वेळा त्या दिवशी लख्ख ऊन पडतं, की आता न वाचताच पुसतो. ज्या दिवशी खरंच पाणी शिरलं त्या दिवशीचा संदेशही तसाच पुसला होता. पण समजा वाचला असता, तरी 'सतर्क राहा' म्हणजे नक्की काय करायचं? गाडी हलवायची? कुठे? आजी चालू शकत नाही, तिला कोणत्या वेळी वर न्यायचं? मला पावसाचे मिलिमीटर नकोत. 'सहा वाजेपर्यंत तुमच्या गल्लीत गुडघाभर पाणी' एवढं कोणी सांगेल का?

मेघदूती

तळमजला, तुम्ही दुखरी नस पकडलीत. जुलै २०२१च्या जर्मनीत हेच झालं. युरोपच्या पूर-इशारा यंत्रणेने ऱ्हाइन खोऱ्यासाठी काही दिवस आधीपासून सूचना पाठवल्या होत्या. तरी देशात १८०हून जास्त माणसं मेली, त्यातली बहुतेक एकट्या आर नदीच्या खोऱ्यात. झिन्त्सिश गावात अपंगांच्या वसतिगृहातले बारा जण रात्री तळमजल्यावर बुडाले.

इशारा कार्यालयात पोहोचला, पण दारापर्यंत आला नाही. शीतयुद्ध संपल्यावर भोंगे काढून टाकले होते. सप्टेंबर २०२०मध्ये देशभर इशाऱ्याचा सराव घेतला, तोच फसला. मोबाइलवर एकगठ्ठा संदेश पाठवायची सोय आली ती २०२३मध्ये, माणसं गेल्यावर.

आणखी एक गोष्ट मला फार खटकली. आर नदीला १८०४ आणि १९१० मध्ये प्रचंड पूर आले होते. त्यांच्या नोंदी आहेत. पण पुराचे नकाशे काढताना फक्त मोजपट्टी बसवल्यानंतरच्या काळाचे, म्हणजे १९४७पासूनचे आकडे धरले. त्यामुळे 'शंभर वर्षांचा पूर' कागदावर बराच लहान निघाला.

ढगाळ

'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे शंभर वर्षांतून एकदा ना? मग आमच्याकडे लागोपाठ कसा येतो?

त्रैराशिक

नाही. त्याचा अर्थ दरवर्षी येण्याची शक्यता १ टक्का. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. ३० वर्षं त्या जागी राहिलात तर निदान एकदा पूर पाहण्याची शक्यता २६ टक्के. ७० वर्षं राहिलात तर निम्म्याहून किंचित जास्त. आणि हा १ टक्का जुन्या पावसावर काढलेला आहे. पाऊस बदलला की तोही बदलतो, नकाशा मात्र तोच राहतो.

खडूस

तीस वर्षं म्हणजे गृहकर्जाची मुदत. हप्ते फिटेपर्यंत सव्वीस टक्के. बँकेला माहीत असणार.

सगळं_नाटक

पूर काय आज येतायत? १९३१ साली चीनमध्ये लाखो माणसं पुरात गेली. तेव्हा कुठला कार्बन? परिषदा भरवायच्या, निधी गोळा करायचा, असा हा धंदा आहे.

मेघदूती

पूर पूर्वीही येत होते. म्हणूनच शास्त्रज्ञ 'हा पूर कशामुळे' असं न विचारता 'तापमानवाढीमुळे याची शक्यता किती बदलली' असं विचारतात. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन नावाचा गट हेच करतो. २०२१च्या जर्मनी-बेल्जियमच्या पावसाबद्दल त्यांचं उत्तर होतं: शक्यता १.२ ते ९ पटींनी वाढली. केवढा मोठा पल्ला आहे बघा, आणि तो लपवलेला नाही. आणि मे २०२३मध्ये इटलीत एमिलिया-रोमान्यात पूर आला तेव्हा याच गटाने सांगितलं की या पावसात तापमानवाढीचा ठळक हात दिसत नाही. नाटकच करायचं असतं तर ही संधी कोणी सोडली असती?

सगळं_नाटक

बरं. पण निधीचं काय झालं ते सांगा.

मेघदूती

त्या प्रश्नावर मात्र तुमच्याशी भांडण नाही. २०२२च्या पुरात पाकिस्तानात ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला आणि नुकसान ३० अब्ज डॉलरच्या घरात गेलं. त्याच वर्षी शर्म अल-शेखच्या जागतिक हवामान परिषदेत गरीब देशांसाठी हानीभरपाईचा निधी मान्य झाला. पुढच्या वर्षी दुबईत श्रीमंत देशांनी मिळून कबूल केले सुमारे ७० कोटी डॉलर. सगळ्या जगासाठी.

अल्पमत

मूळ प्रश्नाकडे येऊ का? निमित्तमात्र सरकारला विचारतायत, मी मतदाराला विचारतो.

हीली आणि मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी २००९मध्ये अमेरिकेतल्या निवडणुका आणि आपत्तीवरचा खर्च यांचा ताळा केला. निष्कर्ष असा की आपत्तीनंतर मदत वाटली तर सत्ताधाऱ्यांची मतं वाढतात. आधी तयारीवर खर्च केला तर मतं जागची हलत नाहीत. त्यांच्याच हिशेबाने तयारीवरचा एक डॉलर पुढचं साधारण पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो. आता तुम्ही मंत्री आहात. नालेसफाईच्या फोटोला कोण विचारतं? मदतीच्या पाकिटावर नाव छापता येतं. न आलेल्या पुराचं श्रेय घ्यायला कोणत्या चौकात फलक लावणार?

निमित्तमात्र

अल्पमत, पटतं, पण पूर्ण नाही. मतदार जर असा आंधळा असेल तर बांगलादेशाचं काय? १९७०च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं गेली. १९९१मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार. २०२०च्या अम्फानमध्ये बांगलादेशातला आकडा पन्नाशीच्याही खाली राहिला. स्वातंत्र्यानंतर लगेच, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच स्वयंसेवकांची फळी उभारली. आज तिच्यात पंचाहत्तर हजारांच्या वर लोक आहेत, निम्म्या बायका. ओदिशातही तेच. १९९९च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास बळी, २०१३च्या फायलिनला दहा लाख लोक हलवले आणि बळी पन्नासच्या आत. ही काही श्रीमंत राज्यं नाहीत.

सांडवा

चक्रीवादळ चार दिवस आधी दिसतं, कुठे आदळणार ते कळतं. डोंगरातून येणारा लोंढा तासाभराचाही वेळ देत नाही. ४ ऑक्टोबर २०२३ला सिक्कीममध्ये साउथ ल्होनाक हिमसरोवर फुटलं आणि खाली चुंगथांगचं तीस्तेवरचं धरण वाहून गेलं. मध्यरात्री. तिथे सरोवरावर यंत्र आणि खाली भोंगा, एवढाच उपाय.

आणि निमित्तमात्र, तुमच्या उदाहरणांत माणसं वाचली. घरं, गुरं, शेतं वाचली का? जीव वाचवण्यात बरीच सरकारं आता तरबेज झाली आहेत. माणूस परत येतो तो चिखलात. माझ्या मते खरी मेख इथे आहे. जीव वाचवायला निवारा आणि भोंगा पुरतो. मालमत्ता वाचवायची तर 'इथे बांधू नका' असं कोणाला तरी सांगावं लागतं, आणि ते सांगायला कोणी तयार नसतं.

पंचनामा

सांडवा +१. विम्याच्या सर्वेक्षणात उमेदीची वर्षं गेली, एकाच घराच्या दोन पुरांच्या फायली पाहिल्या आहेत. पहिल्या फायलीतले फोटो आणि दुसऱ्या फायलीतले फोटो शेजारी ठेवले तर फक्त पडद्यांचा रंग बदललेला.

अमेरिकेत सरकारी पूरविमा १९६८पासून आहे. हप्ते धोक्याच्या मानाने कमी ठेवले, त्यामुळे नदीकाठी बांधणं परवडत राहिलं आणि तीच घरं पुन्हा पुन्हा भरपाई घेत राहिली. योजना इतकी कर्जात गेली की २०१७मध्ये १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ करावं लागलं. ब्रिटनने २०१६मध्ये 'फ्लड री' ही पूरविम्याची योजना आणली, तिच्यात एक चांगली पाचर मारली: २००९पासून पुढे बांधलेल्या घरांना ती लागू नाही. हेतू हा की पूररेषेत नवं बांधणाऱ्याने आपल्या हिमतीवर बांधावं. पण बिल्डर घर विकून मोकळा होतो, हिंमत लागते ती घेणाऱ्याला.

कागदोपत्री

व्हॅलेन्सियाची गोष्ट अर्धीच राहिली. १९५७मध्ये तिथे तुरिया नदीने शहर बुडवलं. सरकारने नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात वळवली, जुन्या पात्रात बाग केली. २०२४मध्ये जुनं शहर बचावलं आणि सगळ्यात भीषण हानी नव्या पात्राच्या दक्षिणेकडच्या गावांत झाली. त्यांना बुडवलं ते मुख्यतः पोयोच्या ओढ्याने, नदीने नाही. पण मधल्या दशकांत तिथल्या सखल भागात वस्ती वाढतच गेली होती. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९४०च्या दशकात मांडलं होतं ते आठवतं: पूर देवाची करणी असेल, पुराचं नुकसान बरंचसं माणसाची करणी असते.

लाटकर

म्हणून पाणी शहरात कुठून न्यायचं ते आधी ठरवावं लागतं. २ जुलै २०११ला कोपनहेगनमध्ये दोनेक तासांत काही भागांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. वर्षभरात त्यांनी ढगफुटीचा आराखडा केला. गटारं मोठी करत बसण्यापेक्षा काही रस्तेच अशा वेळी पाण्याचे पाट व्हावेत आणि बागा तळी व्हाव्यात, अशी आखणी.

सगळं_नाटक

आणि पावसाचं पाणी जमिनीत शोषून घ्यायला आखलेली चीनची स्पंज शहरं? झंगझोऊ त्यातलंच ना?

लाटकर

हो. २० जुलै २०२१ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर. स्पंजाने काय शोषायचं? भुयारी रेल्वेत चौदा जण गेले. पुढे केंद्राच्याच चौकशीत निघालं की स्थानिक अधिकाऱ्यांनी मृतांचे आकडे दडवले होते.

अवनी

'इथे बांधू नका', 'माणसं हलवा' हे बोलायला सोपं आहे. माझ्या आजोबांचं गाव धरणात गेलं. बदल्यात मिळालेल्या जमिनीत विहिरीला पाणी नव्हतं आणि सात-बारा नावावर व्हायला त्यांची हयात गेली. सुरक्षित जागी हलवण्याचा प्रश्न आला की झोपड्या आधी उठतात. नदीकाठचे बंगले असतील तर संरक्षक भिंत येते. पुनर्वसनाचं एक तरी चांगलं उदाहरण दाखवा, मग बोलू.

पंचनामा

अवनीताई, एक आहे. ऑस्ट्रेलियातलं ग्रँथम. २०११च्या जानेवारीत लोंढ्याने गाव उद्ध्वस्त केलं, बारा जण गेले. स्थानिक परिषदेने लगतची उंचावरची जमीन विकत घेतली आणि पूरग्रस्तांना बुडालेल्या प्लॉटच्या बदल्यात तिथे प्लॉट दिले. सक्ती नव्हती. वर्षाच्या आत पहिली कुटुंबं राहायला गेली. पण गाव लहान, जमीन शेजारीच आणि दुःख ताजं. या तीन गोष्टी एकत्र क्वचित येतात.

अवनी

शेजारीच जमीन, सक्ती नाही, वर्षाच्या आत. आमच्यात यातलं एकही नव्हतं. तरी उदाहरण जपून ठेवते.

तळमजला

मोठ्या गोष्टी चालू द्यात, मला छोटं विचारायचंय. पुढचं घर घेताना मी काय बघू?

पंचनामा

आसपासच्या जुन्या भिंतींवर ओलीची आडवी रेघ आहे का ते बघा. पहिल्या पावसात स्वतः जाऊन उभे राहा, दलालाच्या शब्दावर जाऊ नका. रस्त्यापेक्षा जोतं किती उंच ते बघा, कारण डांबराचे थर चढत चढत रस्ता वर येतो आणि इमारत आपोआप खड्ड्यात जाते. शेजारच्या किराणा दुकानदाराने खालची फळी रिकामी ठेवली असेल तर समजून जा. आणि विजेचे मीटर, पाण्याचा पंप, जनरेटर तळघरात असतील तर घर कितव्या मजल्यावर आहे याला अर्थ नाही. पाणी ओसरलं तरी वीज येत नाही, लिफ्ट बंद, वर पाणी नाही.

तळमजला

मीटर वर हलवायचा विषय मी सध्याच्या सोसायटीच्या सभेत मांडला होता. पाणी शिरून गेल्यानंतरच्याच सभेत. 'त्यात एवढा पैसा कशाला घालायचा, पूर काय रोज येतो का?' म्हणून विषय बारगळला. मग त्याच सभेत पुढच्या वेळी पूरग्रस्त सभासदांना सोसायटीतर्फे मदत द्यायचा ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्याही वाजल्या.

खडूस

अल्पमत, तुमचा मतदार सापडला. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?